खाएम्बांच्या घरचा लख्ख संडास

नाब्विलेच्या अंगणातला संडास साऱ्या टेकडीवर नावाजलेला होता. आतली जमीन सारवलेली, भोकावर लाकडी झाकण, बाहेर हात धुवायला टांगलेला पिवळा डबा. गावोगाव संडास बांधून देणाऱ्या संस्थेचे साहेब गावात आले की आधी तिथे डोकावत आणि बाकीच्यांना म्हणत, "बघा, असा ठेवायचा असतो." नाब्विले मान खाली घालून हसायची. फारसं न वापरलेलं भांडं लख्खच राहणार, हे त्यांना कोण सांगणार!

गावची आरोग्यसेविका तीच. हात धुवा, झाकण लावा, झऱ्याच्या वरच्या अंगाला बसू नका, असं दारोदार पढवणारी. आणि स्वतः मात्र गुपचूप मक्यात जायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! पण तिचाही इलाज नव्हता. साहेबांच्या नकाशाबरहुकूम संडासाचं दार अंगणाकडे होतं आणि अंगणापलीकडे सासऱ्यांची झोपडी. बुकुसू जमातीतली सून सासऱ्यासमोर येत नाही, त्याचं नाव घेत नाही, त्याच्या देखत घास गिळत नाही. मग म्हातारबा दारात बसून काठी तासत असताना तिनं त्या दारातून आत शिरायचं? मेली असती तरी शिरली नसती.

सासरे, खाएम्बा, तेही तिकडे फिरकत नसत. पहाटे गाय सोडून ते झऱ्याच्या वरच्या उतारावर जात आणि तिथेच बसत. सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण कुळातला वडीलधारा माणूस, त्याला बोलणार कोण? अळीमिळी गुपचिळी.

गेल्या पावसात तो उतार धुऊन झऱ्यात उतरला आणि नाब्विलेची नामाल्वा आजारी पडली. चार वर्षांची पोर. डोळे खोल गेले, रडायलाही पाणी उरलं नाही. नवरा दूर एल्डोरेट शहरात ट्रकवर. नाब्विलेनं मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजून तिला ओढून काढली. यंदा पाऊस पुन्हा डोंगरावर येऊन उभा होता. झरा बांधून काढायला संस्था सिमेंट आणि नळ देणार होती. अट एकच, प्रत्येक घर संडास वापरतं असं सभेत सेविकेनं सांगायचं. नाही तर सामान पलीकडच्या गावाला. खोटं बोलावं तर बांधलेल्या झऱ्यातही तीच घाण झिरपणार. खरं बोलावं तर सासऱ्यांची चारचौघांत शोभा.

सभा उंबराखाली भरली. म्हातारे स्टुलांवर, बायका खाली, संस्थेचे साहेब मध्ये.

"हां, बोल नाब्विले," गावप्रमुख सिकुकू म्हणाला. "झाली ना सगळी घरं?"

"एक राहिलंय."

"कुणाचं?"

सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले.

"माझं," नाब्विले म्हणाली. "संडास वापरत नाही ती मी."

"चल! तुझा तर आरशासारखा आहे!"

"म्हणूनच आरशासारखा आहे. दार कुणीकडे आहे ते बघा जरा. मी मक्यात जाते."

हशा पिकला. शेजारची नेलिमा तरातरा उठली. "दात काय काढताय? आमचं दार तरी कुणीकडे आहे? मी कुठं जाते मग?"

"आणि मी?" मागून कुणीतरी ओरडलं. "यंदा कणसं उगीच भरलीत काय!"

साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. तेवढ्यात नाब्विलेची सासू खाकासा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे घरात तिघं मोठी माणसं आणि वापरते मी एकटी?"

खाएम्बा काठी टेकून सावकाश उठले. सुनेकडे पाठ करून ते सिकुकूला म्हणाले, "मोकळ्यावर बरं वाटतं, असं मी घरात सांगत होतो. ते खोटं. मला वाटलं, ती जागा सुनेची. ती जिथं बसते तिथं मी बसू? माझ्या बापानं तेवढी लाज मला शिकवलीय."

"आणि ती तुमच्यामुळे सोडून बसली!" खाकासानं कपाळावर हात मारला. "दोघांची लाज, आणि चैन कोंबडीची! अंडी घालते मेली तिथं!"

यावर म्हातारेसुद्धा खोकत खोकत हसले. हसून झाल्यावर पुढचं सोपं होतं. दारं शेताकडे फिरवायची आणि म्हाताऱ्यांना गोठ्यामागे वेगळा खड्डा. साहेबही समजूतदार निघाले. ते म्हणाले, "दारं फिरवा, सामान कुठं जात नाही."

दुसऱ्या दिवशी पहिली कुदळ खाएम्बांनीच मारली. दार फिरल्यावर नाब्विले भर उजेडात आत गेली, कडी लावली, आणि तिला आधी रडू आलं, मग हसू. एवढ्याशा गोष्टीसाठी किती दिवस जीव मुठीत धरला होता!

पावसाच्या आत झरा बांधून झाला. नळाला पाणी आलं त्या संध्याकाळी खाकासा अंगणात शेंगा सोलत होती. खाएम्बा आले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"अगं, तिला विचार. नातीचं गेल्या पावसातलं दुखणं... ते माझ्या उतारावरनं आलं होतं का?"

खाकासाचे हात थांबले. चुलीशी बसलेल्या नाब्विलेला ते ऐकू गेलं होतंच. हे उत्तर तिनं वर्षभर दाताखाली धरलं होतं. पाणी काय, सगळ्या गावाचं, असं म्हणून सुटता आलं असतं.

"हो, बाबा," ती चुलीकडे बघतच म्हणाली. लग्न झाल्यापासून त्यांच्याशी ती पहिल्यांदाच थेट बोलत होती.

खाएम्बांनी काठी भिंतीला टेकवली.

"सभेपासनं तेच डोक्यात होतं," ते भिंतीला म्हणाले. "ज्याला विचारावं तो म्हणे, छे, छे, देवाची मर्जी. पोर मांडीवर येऊन बसायची आणि मला तिच्याकडे बघवायचं नाही. बरं झालं, पोरी, तू सांगितलंस."

नाब्विलेच्या छातीवरचा दगड उतरला. तिनं मक्याच्या पिठाची उगाली ढवळायला घेतली. पलीकडे दारात बसून म्हातारबांनी नातीला हाक मारली, आणि ती धावत आल्यावर तिचं तोंड दोन्ही हातांत धरून ते तिच्याकडे बघत राहिले.