किल्ला मैदानातला कोरडा पट्टा

रायपूरच्या ब्राह्मणपारा वस्तीत किल्ला मैदान म्हणून एक मैदान होतं आणि त्यावर किल्ल्याचा एक दगडसुद्धा नव्हता. कधीकाळी तिथं किल्ला होता, भोसल्यांची फौज त्यात राहायची, पुढे इंग्रजी राज्यात त्याचे दगड रस्त्यांना आणि पुलांना गेले, असं जुनी माणसं सांगायची. सगळेच दगड काही रस्त्यांना गेले नसावेत. आसपासच्या घरांची जोती उगीच एवढी भक्कम नाहीत, पण ते कोणी कबूल करत नाही.

यज्ञेश्वर सरांना त्या किल्ल्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं. त्यांना मैदान हवं होतं. वडील रेल्वेच्या नोकरीत वर्ध्याहून इकडे आले, मुलगा शाळेत खेळाचा मास्तर झाला आणि चोवीस वर्षं रोज संध्याकाळी याच मैदानावर मुलींना खो-खो शिकवत राहिला. लग्नाच्या दिवशीसुद्धा हा माणूस आधी मैदानावर पाणी मारून आला आणि मग बोहल्यावर चढला, असं त्यांची बायको सुशीला अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. त्यात कौतुक किती आणि राग किती, ते तिचं तिलाच ठाऊक.

तर नवं राज्य झालं. रायपूर राजधानी झाली आणि शहराला एकाएकी जागा पुरेनाशी झाली. भाड्याच्या बंगल्यांवर खात्यांच्या पाट्या लागल्या, आणि जिथं मोकळी जमीन दिसेल तिथं कोणीतरी मोजायची फीत घेऊन उभं. यंदा पहिल्यांदाच छत्तीसगडचा स्वतःचा खो-खोचा संघ बाहेर खेळायला जाणार होता. त्यात सरांच्या पाच मुली निवडल्या गेल्या, रमा तर कर्णधार झाली, आणि त्याच आठवड्यात कागद आला की किल्ला मैदानावर पाच मजली सरकारी इमारत होणार. सोमवारी यंत्रं येणार होती. सरांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि दोन दिवस कोणालाच दाखवला नाही. दुखणं लपवतात तसा लपवला. मग पोरींना कळलंच.

फक्त एक फट राहिली होती. मैदानाच्या नावात किल्ला असल्यामुळे पुरातत्त्व खात्याची ना-हरकत लागत होती. खाली काही निघालं तर इमारत होणार नाही, नाही निघालं तर सोमवारपासून काम सुरू. त्यासाठी शनिवारी इरावती मॅडम आल्या. शंकर नगरात राहणारी, तिशीची, डोक्याला ओढणी गुंडाळलेली बाई. दोन मजूर, एक जुना नकाशा आणि दिवसभराची मुदत. सहा वाजता कागद न्यायला जीप येणार होती.

सकाळपासून नकाशाप्रमाणे मैदानाच्या पूर्वेकडे खणून झालं. सर प्रत्येक फावड्याबरोबर पुढे वाकायचे आणि मागे व्हायचे. निघालं काय, तर कौलांचे तुकडे, एक गंजलेला डबा, कसल्याशा शिशीचा तळ आणि खूप मुरूम. तीन वाजता मॅडमनी नकाशा मिटला.

"सर, सॉरी," त्या म्हणाल्या. "मैंने पूरी कोशिश की. पण नकाशाच चुकीचा असंल तर काय करणार? मुझे लिखना पड़ेगा, काही मिळालं नाही."

"हव," सर म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पोरींना काय सांगायचं, हा एकच प्रश्न डोक्यात घुमत होता. आणि मग माणूस असा प्रसंग आल्यावर जे करतो तेच त्यांनी केलं, म्हणजे रोजचं काम हाती घेतलं. चार वाजले होते. त्यांनी नळाला पाइप लावला आणि मैदानावर पाणी मारायला सुरुवात केली.

मॅडम चिंचेखाली बसून कागद भरत होत्या. एक-दोनदा त्यांनी मान वर केली. मग लेखणी थांबली.

"सर, तिथं पाणी नाही मारलं का तुम्ही?"

"कुठं?"

"ते दुसऱ्या खांबापासून तिरपं. सूखा दिख रहा है."

सरांनी तिकडे पाहिलंही नाही. "मारलं न! ते तसंच आहे मॅडम. चोवीस वर्षं झाली, ते काही ओलं राहत नाही. बाकी मैदान तासभर ओलं राहते, अन् हा पट्टा पंधरा मिनिटांत कोरडा ठाक. पोरींचे पाय भाजतात त्याच्यावर. मी दरसाल दोन ट्रॉल्या माती टाकतो, तरी पुन्हा तेच. खडूस आहे तो."

मॅडम उभ्या राहिल्या. मांडीवरचा कागद खाली पडला तरी त्यांना कळलं नाही.

"सर, जिथं खाली दगड-चुन्याचं बांधकाम असतं न, तिथं वरची माती पातळ असते. पाणी धरून नाही ठेवत. सबसे पहले वही सूखती है." त्यांचा आवाज चिरकला. "और आप उसके ऊपर हर साल मिट्टी डाल रहे हैं?"

सरांच्या हातातला पाइप त्यांच्याच चपलांवर वाहत राहिला. चोवीस उन्हाळे! अठ्ठेचाळीस ट्रॉल्या! ज्या गोष्टीनं मैदान वाचणार होतं, ती त्यांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या खिशातून, वर शिव्या घालत पुरली होती. दुसऱ्या कोणी केलं असतं तर सरांनी त्याला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

तेवढ्यात सरावाला पोरी आल्या. सरांनी शिट्टी फुंकली ती अशी की चिंचेवरचे कावळे उडाले.

"बादल्या घ्या! सगळ्याजणी! आज खेळ नाही, पाणी मारायचं!"

"काहून सर?" रमानं विचारलं.

"काहून ते मागून सांगतो. पूर्ण मैदान ओलं झालं पाहिजे. एक बोट जागा सोडायची नाही."

नऊ पोरी, सर, दोन मजूर आणि स्वतः मॅडम. नळ, हातपंप, शेजारच्या घरांतल्या टाक्या, जिथून मिळेल तिथून पाणी आलं. मे महिन्याचं ऊन होतं, पण त्या दिवशी कोणाला ऊन लागलं नाही. मैदान काळंशार झालं. मग सगळे कडेला येऊन उभे राहिले आणि वाट पाहू लागले. माती वाळायची वाट एवढ्या उत्सुकतेनं त्या मैदानावर कधी कोणी पाहिली नसेल.

आधी तो तिरपा पट्टा उमटला. सरांना त्यात नवल नव्हतं. पण मग पट्ट्याच्या टोकाशी रंग फिका पडायला लागला. एक सरळ कड निघाली, तिला काटकोनात दुसरी, मग तिसरी. कोणी पाटीवर खडूनं ओढावी तशी जमिनीनं आपल्या अंगावर रेघ ओढली.

"पोट्ट्यांनो, कडेवर उभ्या राहा! पाच-पाच हातांवर एकेक!" सर ओरडले. पोरी धावल्या आणि कोरड्या कडेवर आपापली जागा धरून उभ्या राहिल्या. आता आंधळ्यालाही दिसलं असतं. तिथं एक लांबट चौकोन होता, भिंतीतून भिंतीला काटकोन, आणि तिरपा पट्टा म्हणजे त्याच्याकडे जाणारी वाट. दुसऱ्या खांबाजवळ पट्टा संपत होता तिथं दोन हात लांबीरुंदीचा एक ठिपका तर पांढराफटक वाळला होता.

"इथं," मॅडम म्हणाल्या. "इथंच उतरायची जागा असणार."

मजुरांनी कुदळ घातली. सरांनी टाकलेली माती आधी निघाली. थरावर थर, वर्षावर वर्ष. मग जुनी माती. दीड हातावर कुदळ ठण्ण करून वाजली आणि सगळ्या पोरी एकदम किंचाळल्या. शिळा होती, घडीव, कडा सरळ. दोन पहारी घालून, सगळ्यांनी जोर लावून ती बाजूला सरकवली तेव्हा खालून गार हवा आली. मे महिन्यात, साडेपाच वाजता, ब्राह्मणपाऱ्यात गार हवा! सरांच्या अंगावर सरसरून काटा आला.

खरं म्हणजे मॅडमनी वरिष्ठांना कळवून थांबायला हवं होतं. तसं त्या बोलल्याही. बोलता बोलताच त्यांनी कंदील पेटवून दोरीला बांधला आणि खाली सोडला. ज्योत फडफडली, पण विझली नाही.

"हवा ठीक आहे. जीप येईल तर मले नक्की सांगता आलं पाहिजे, खाली काय आहे ते," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'मले' निघालेलं सरांच्या लक्षात आलं. एवढा वेळ बाई हिंदी मिसळून बोलत होती, आनंदानं माहेरच्या बोलीवर आली.

सर आणि मॅडम उतरले. पोरींना सक्त ताकीद होती, कोणी यायचं नाही. सरांनी पायऱ्या मोजल्या. सतरा. सतराव्या पायरीनंतर मॅडमनी टॉर्च फिरवला.

लांबलचक दालन होतं. वर कमानी, चुन्यात बांधलेल्या, एकामागे एक. भिंतीत कोनाडे आणि प्रत्येक कोनाड्यावर दिव्याची काजळी, हात लावला तर बोटाला लागेल अशी. एका भिंतीशी दगडी गोळे रचून ठेवले होते, नारळाएवढे. कोणीतरी ते मोजून, नीट, खाली मोठे वर लहान असे रचले होते आणि मग ते वापरायची वेळच आली नव्हती. मॅडम रडत होत्या की हसत होत्या, टॉर्चच्या उजेडात कळत नव्हतं.

"सर, हा तोफगोळ्यांचा साठा आहे. पूर्ण! कोणी हात नाही लावला याला!"

सरांच्या पायाशी काहीतरी होतं. त्यांनी वाकून धूळ पुसली. फरशीवर रेघा कोरलेल्या होत्या, उभ्या, आडव्या, तिरप्या. वाघ-शेळीचा पट. पहाऱ्यावर बसलेल्या शिपायांनी वेळ जाईना म्हणून टाकीनं कोरलेला, एक रेघ वाकडी गेलेली. सरांचा ऊर भरून आला. दारूगोळ्याचं त्यांना फारसं काही नव्हतं, पण इथं लोक खेळत होते. त्यांच्या मैदानाच्या बरोबर खाली, त्यांच्या कितीतरी पिढ्या आधी, कोणी वाघ झाला होता, कोणी शेळी झाली होती, कोणी हरल्यावर चिडला होता.

"मैदान वाचलं," ते स्वतःशीच पुटपुटले. मग मोठ्यानं, "मॅडम, मैदान वाचलं!" आवाज कमानींतून फिरून परत आला.

आणि तेवढ्यात वरून धप् धप् धप् आलं. मग "खो!" मग पुन्हा धप् धप्.

पोरींना दम कुठला निघतो! शिळा निघाली, सर खाली गेले, आता जिंकलोच म्हणून त्यांनी खेळ मांडला होता. सर ऐकत उभे राहिले. चोवीस वर्षं हा आवाज त्यांनी वरून ऐकला होता, खालून पहिल्यांदाच. हे रमाचं धावणं, हे त्यांनी पावलांवरून ओळखलं. ती दुसऱ्या खांबाकडे झेपावली आणि कमानीतून बारीक चुना सरांच्या खांद्यावर पडला.

मॅडमनी टॉर्च वर केला. कमानीच्या मध्यावर बोटभर रुंदीची चीर होती, आरपार.

"सर," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्यांना थांबवा. आत्ता. यावर आता कोणाला धावू देता येणार नाही. आज नाही, कधीच नाही. कुंपण घालावं लागंल."

सरांनी मॅडमकडे पाहिलं. बाई खोटं बोलत नव्हती. चीर त्यांनाही दिसत होती. इमारत होणार नव्हती आणि खो-खोही होणार नव्हता. एवढा वेळ छातीत मावत नव्हता तो आनंद तिथंच होता, तसाच, आणि त्याच्याच शेजारी भलंमोठं दुःख येऊन बसलं. दोघांना जागा होत नव्हती.

ते सतरा पायऱ्या चढून वर आले आणि त्यांनी शिट्टी फुंकली. डाव चालू असताना मधेच शिट्टी त्यांनी आजवर कधी फुंकली नव्हती. पोरी जागच्या जागी थांबल्या.

"कडेच्या भिंतीकडे या सगळ्या. हळू. धावत नाही."

त्यांनी सांगितलं. फिरवून नाही सांगितलं, सरळ सांगितलं. रमाचा चेहरा लाल झाला.

"मॅडमले पट्ट्याचं तुम्हीच सांगितलं न सर?"

"हव. मीच सांगितलं."

"काहून सांगितलं मग? इमारत होती तर निदान भांडता तरी आलं असतं! किल्ल्याशी कोण भांडेल?"

पोरींना एकदा खाली जाऊन पाहू द्याल का, अशा नजरेनं सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी होकाराची मान हलवली. "एकेक. भिंतीला धरून. हात कशालाच नाही लावायचा."

रमा पहिली गेली, रागातच. बराच वेळ वर आली नाही. आली तेव्हा केसांत चुना होता आणि डोळे भलतेच मोठे झाले होते.

जीप आली आणि रिकामी परत गेली. मग सरांनी मजुरांकडून कुदळ मागून घेतली आणि मैदानाचे दोन्ही खांब स्वतः उपटले. हलक्या हातानं, अजिबात ठोके न मारता. एक खांब त्यांनी खांद्यावर घेतला, दुसरा पोरींनी, आणि मिरवणूक तात्यापाऱ्याकडे निघाली. उद्यापासून खेळायचं कुठं, हे एकालाही माहीत नव्हतं, पण खांब मागं ठेवायचे नाहीत हे ठरलं होतं. बातमी पुढे धावली होती. दुकानदार पायरीवर येऊन उभे, स्कूटरवाले थांबलेले.

"सर, काय निघालं म्हणे?"

"अरे, किल्ला निघाला किल्ला!" सर खांद्यावरचा खांब सावरत सांगत. "कमानी! तोफेचे गोळे! गार हवा! अन् शिपायांचा वाघ-शेळीचा पट!" सांगताना त्यांचा आवाज चढत होता, डोळे चमकत होते, आणि दर चौकात गोळ्यांची रास हातभर उंच होत होती.

चौकात किराणावाल्या नीलकंठनं सगळं ऐकून घेतलं आणि सहज विचारलं, "वाह सर! पर अब लड़कियाँ खेलेंगी कहाँ?"

सर थांबले. खांब एकदम जड झाला.

मागून रमा पुढे आली. तिनं आपल्या टोकाचा खांब दुसरीच्या खांद्यावर दिला आणि नीलकंठच्या समोर उभी राहिली.

"ते पाहू न भैया," ती म्हणाली. "आधी पूर्ण ऐकून तर घ्या. सरांनी पायऱ्या सांगितल्याच नाहीत तुम्हाले. सतरा आहेत. मी मोजल्या."