जरा कमी कर

बँडमध्ये त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण त्याची गिटार क्लबच्या पार्किंगपर्यंत ऐकू जायची. त्याला त्या नावाचा केवढा अभिमान! त्यांचा पहिला अल्बम आला तेव्हा त्याला कुत्र्यानेही विचारलं नाही, पण भोंग्याचा तोरा काही उतरला नाही.

आज मात्र बहिणीच्या घराची बेल त्याने अगदी हळूच दाबली. येत्या शनिवारी पहिल्यांदाच एका मोठ्या क्लबने बँडला बोलावलं होतं. हल्ली ड्रमरचा ठेका मध्येच सुटायचा, म्हणून बाकीच्यांनी नवा ड्रमर बसवायचं ठरवलं. जुना ड्रमर म्हणजे भोंग्याचे भाऊजी. तेव्हा सांगायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं.

"कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो आम्ही," ताईने दारातच सांगितलं. "डावा कान गेल्यात जमा आहे. उजव्याचंही काही खरं नाही. जा, बस त्यांच्यापाशी." आणि ती स्वयंपाकघरात गेली.

डावा कान. क्लबच्या टीचभर स्टेजवर भोंग्याच्या गिटारचा स्पीकर, म्हणजे अ‍ॅम्प, कायम भाऊजींच्या डाव्या हाताला असायचा. "जरा कमी कर रे," ते दर वेळी म्हणायचे. "भाऊजी, रॉक आहे हे, अंगाई नाही!" म्हणत हा बटण आणखी पिळायचा आणि सगळे खिदळायचे. मग कधीतरी भाऊजींनी सांगणंच सोडलं. सवय झाली असेल, असं यानेच सोयीने धरून टाकलं होतं.

भाऊजी स्पीकरला तळहात टेकवून अल्बम ऐकत होते. त्याला पाहून त्यांचा चेहरा फुलला. "ये, ये! या गाण्यात तुझी गिटार फार दबलीय बघ. शनिवारी वाढव जरा."

भोंग्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कान घालवला आपण, आणि घरी बसवायचं यांना! तरी एकदाचं उरकून टाकावं म्हणून तो शेजारी टेकला आणि खालमानेने पुटपुटला, "भाऊजी, शनिवारी तुम्ही नाही. दुसरा ड्रमर येतोय."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. ताईने ऐकलं होतं.

भाऊजींनी उजवा कान पुढे केला. "काय म्हणालास? मोठ्याने बोल की रे. तुझा आवाज कधीपासून बसला?"

भोंग्याने हात लांबवून गाण्याचा आवाज कमी केला. आयुष्यात पहिल्यांदाच. मग तेच वाक्य ओरडून सांगण्यासाठी त्याने तोंड उघडलं.