लुगड्यातला भुसा

सदाशिवरावांना कोणी शहाणपण शिकवायच्या भानगडीत पडत नसे. त्यांच्याकडे स्वतःचंच इतकं होतं की आळीत वाटून पुन्हा घरात उरायचं. कळंबात वीज आली तेव्हा लोकांनी एकेक दिवा लावून त्यालाच नमस्कार केला. आमच्या या शेजाऱ्यानं मात्र यवतमाळच्या एका मोडीत निघालेल्या आरा मशीनवरून मोटारीवर चालणारी गोल करवत आणली, आणि बैल बाहेर बांधून गोठ्यात कारखाना थाटला.

निमित्त तसं चांगलं होतं. त्यांची लेक विजयमाला हिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. सदाशिवरावांच्या सासऱ्यांनी मरायच्या आधी नातीच्या पलंगासाठी म्हणून सागाच्या फळ्या बैलगाडीत घालून पाठवल्या होत्या. बेबीताईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, म्हणणं एवढंच की बाकीच्या आंदणात कमीजास्त झालं तरी चालेल, पण पोरगी आजोबाच्या पलंगावर निजली पाहिजे. सुतार बोलवा, असंही त्या म्हणाल्या. पण घरात मशीन असताना सुतार बोलावणं म्हणजे दारी विहीर असून नदीवर घागर नेणं, असा सदाशिवरावांचा निकाल पडला.

पहिल्याच दिवशी करवतीनं अर्धी फळी कापली आणि अंगणभर भुसा उडवला. तिथं बाजांवर लग्नाच्या शेवया वाळत होत्या, त्या सागाच्या रंगाच्या झाल्या. बेबीताई गोठ्याच्या दारात येऊन म्हणाल्या, "पलंग करून राह्यले का होळी खेळून राह्यले?"

सदाशिवरावांना राग आला नाही. अडचण आली की त्यांना उलट हुरूप यायचा. करवतीच्या पोटाखाली भुसा पडायला एक लोखंडी तोंड होतं. ते त्यांनी कापून रुंद केलं. रॉकेलचे डबे उलगडून नळी केली. लोहाराकडचा पंख्याचा भाता आणून त्याला मोटारीचाच पट्टा चढवला, आणि नळीचं एक टोक करवतीला, दुसरं भात्याच्या तोंडाला बसवलं. भाता जन्मभर फुंकत आलेला, तो इथंही फुंकलाच. होता नव्हता तेवढा भुसा सदाशिवरावांच्या मिशांत आणि उरलेल्या शेवयांत गेला.

पलंग बाजूला राहिला. भात्याला फुंकायचं सोडून ओढायला लावायचं, हा आता त्यांचा धर्म झाला. शेवटी भाता ज्या कुशीतल्या भोकातून हवा घेतो, तिथं त्यांनी नळी जोडली, सांधा सायकलच्या ट्यूबनं आवळला आणि फुंकायच्या तोंडाला बेबीताईंच्या जुन्या लुगड्याची लांबलचक पिशवी शिवून बांधली. मोटार लावताच लुगडं फुगून गोठ्यात आडवं झालं आणि भुसा गुमान त्याच्या पोटात जाऊन बसला. जमिनीवर कण नाही. बघायला जमलेल्यांनी माना डोलावल्या. मलाही कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

इथंच थांबले असते तर बरं होतं. पण आमच्याकडे गाय व्याली की पहिला चीक घरोघरी वाटायची रीत आहे. सदाशिवरावांनी लुगड्यातला पहिला भुसा त्याच थाटात आळीत वाटला. त्या काळी घरोघर भुशाच्या शेगड्या होत्या. डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासायचा, बाटली अलगद काढून घ्यायची आणि खालून पेटवायचं. वरणभात शिजून वर आंघोळीचं पाणी तापायचं. फुकटचा सागाचा भुसा दारात आलेला कोणत्या बाईला नको होता?

समोरच्या रामीबाई घमेलं घेऊन आल्या. असं मशीन नागपुरातही नसेल, असं म्हणाल्या. घमेलं भरलं. मग चहाच्या हॉटेलवाला रामलाल पोतं घेऊन आला. गिऱ्हाईक चहा पितं आणि तुमचं नाव घेतं, असं त्यानं सांगितलं. पोतं भरलं. दारी आलेलं भांडं रिकामं परत धाडणं सदाशिवरावांच्या घराण्यात कधी झालं नव्हतं, आणि दारी आलेलं कौतुक परत धाडणं तर त्यांच्या रक्तातच नव्हतं.

लुगडं रिकामं झालं की करवत सुरू व्हायची. फळीची एक कड जरा वाकडी दिसायची, ती सरळ करायची. मग दुसरी कड तिच्याशी जुळायची नाही. बेबीताईंनी पलंगाचं विचारलं की "फळ्या सरळ करून राह्यलो," हे उत्तर ठरलेलं. फळ्या खरोखरच फार सरळ झाल्या. सरळ होता होता पलंगाच्या लाकडात दिवाण बसेना, मग खुर्चीही बसेना. एक दिवस विजयमाला गोठ्यात जाऊन उरलेल्या फळ्यांवरून हात फिरवून आली आणि आईला म्हणाली, "मी खाली निजीन वं माय. बाबाले काही म्हनू नको."

बेबीताई चुलीपुढं बसून पदरात रडल्या, असं आमच्या घरून मला कळलं. मला त्या माणसाचा संताप आला, आणि घमेली भरून नेणाऱ्या आळीचा त्याहून जास्त.

लग्नाच्या दिवशी आळी उपकार फेडायला धावली. बायांनी ठासून भरलेल्या शेगड्या आणून मांडवामागं ओळीनं मांडल्या. वरण, भात, आलू-वांग्याची भाजी, बुंदी, सगळं त्यांच्यावर झालं. वऱ्हाडी तृप्त झाले. मग वरमाय आंदण बघायला आली. भांडी होती, गादी होती, आणि गादीवर एक सागाचा पाट होता, चारी बाजूंनी अगदी सरळ.

"ईनबाई, गादी दिसून राह्यली, पलंग कुठी हाये?"

बेबीताईंनी मांडवामागं धुमसणाऱ्या शेगड्यांकडे बोट केलं. "माह्या बापानं पलंगाचं लाकूड धाडलं होतं," त्या म्हणाल्या. "त्याच्यावरच तुमचा सयपाक झाला."

सदाशिवराव चार हातांवर व्याह्यांना लुगडं कसं फुगतं ते समजावत होते. फुगलेलं लुगडं दाखवायला पसरलेले हात त्यांनी हळूहळू खाली घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामीबाई घमेलं घेऊन आल्या तेव्हा ते गोठ्यात बसले होते. लुगडं भात्यावरून सोडून मांडीवर घेतलं होतं. भुसा नाही, म्हणाले. रामीबाई आयुष्यात पहिल्यांदा त्या दारातून रिकाम्या घमेल्यानं परतल्या, आणि दुपारपर्यंत साऱ्या आळीला सांगून मोकळ्या झाल्या, "पोरगी सासरी गेली अन् मानूस बदलला पाहा. मूठभर भुशाले नाई म्हनते."