माफीचा निरोप

रमजान लागला की रहमी बे आत्मपरीक्षणाला बसत. म्हणजे खरोखरच बसत. दुपारच्या नमाजानंतर सोफ्यावर, डोळे मिटून, पोटावर हात ठेवून. पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला आणि मशिदीच्या कमिटीवर असलेला माणूस. तेव्हा परीक्षण कडक असायचंच. जर्मनीतल्या त्या अख्ख्या डुइसबुर्ग शहरात इतकं कडक परीक्षण दुसरं कोणी करत नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. यंदा त्यांना आपल्यात एक गंभीर दोष सापडला.

"माझा स्वभाव फार भिडस्त," ते बायकोला म्हणाले. "तोच मला नडतो."

"डोळे उघडे ठेवून शोधा, आणखी एखादा सापडेल," मुझेय्येन म्हणाली आणि कांदा चिरायला आत गेली.

मग रहमी बेंनी दरवर्षीसारखा फोनवरून सगळ्यांना माफीचा निरोप धाडला. गुलाबांच्या ताटव्यात मशीद आणि वर सोनेरी अक्षरं: जाणता-अजाणता मन दुखावलं असेल, हक्क मारला असेल, तर माफ करावं. तुर्कांत याला उत्तर ठरलेलं असतं, 'माफ, माफ, आम्हालाही करा.' तशी उत्तरं भराभर आली. श्टुटगार्टच्या चुलतभावानं तर न वाचताच माफ केलं असणार, इतक्या झटपट. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या गुलिझार अब्लाचं, म्हणजे गुलिझारताईचं, उत्तर आलं.

'नाही.'

गुलाब नाही, सलाम नाही. नुसतंच नाही.

"चुकून बोट लागलं असेल तिचं," रहमी बे म्हणाले.

"एक जिना उतरला की झालं. जाऊन विचारा की," मुझेय्येन आतून म्हणाली.

"मी का विचारू? मागायचं काम मी केलं. द्यायचं काम तिचं!"

पण जीव थाऱ्यावर राहीना. शुक्रवारीच इमाम म्हणाले होते, अल्लाचं देणं अल्ला माफ करील, माणसाचं देणं त्या माणसानंच माफ करायला हवं; तोवर तुमचा रोजा म्हणजे नुसती उपासमार. तेव्हा रहमी बेंनी जोरजोरात मान हलवली होती, पुढच्या रांगेतल्या ज्या दोघा-तिघांना हे लागू पडत होतं त्यांच्याकडे बघत. आता ते आपल्यावरच उलटलं. पित्त सोसून धरलेले रोजे फुकट जाणार, या विचारानं त्यांना अगदी रडू यायचं बाकी राहिलं. संध्याकाळी, रोजा सुटायला थोडा वेळ असताना, ते जिना उतरले.

गुलिझार अब्ला काकडी चिरत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ती आणि लेक नेसरीन. तिनं त्यांना स्वयंपाकघरातच बसवलं.

"अब्ला, माझं काय चुकलं?"

"माफी तुम्ही मागितलीत. कशाबद्दल ते मी सांगू होय?"

आली का पंचाईत! रहमी बेंनी आयुष्यात पहिल्यांदा खरोखर आठवून पाहिलं.

"तुमचे जमाल बे गेले तेव्हा मी बोललो होतो," ते चाचरत म्हणाले, "की बायकोच्या हातचं मीठ भोवलं त्याला. ते कुणी तुमच्या कानावर घातलं वाटतं."

सुरी थांबली. "नाही. हे मला नवीन आहे."

"मग मशिदीतल्या बायकांच्या खोलीतला हीटर? तुम्ही मागत होतात, आणि मी कमिटीत म्हटलं, म्हातारीला कुरकुरायला काहीतरी लागतंच."

"हेही नवीनच."

इथं शहाण्या माणसानं तोंड आवरलं असतं. पण समोर घड्याळ पळत होतं आणि उपाशी पोटी अक्कल चालत नव्हती.

"म्हणजे नेसरीनचंच ते!"

"नेसरीनचं काय?"

"एसेन गावची माणसं मुलाच्या लग्नासाठी तिची चौकशी करायला मशिदीत आली होती ना. मी वाईट एक शब्द बोललो नाही, शपथ! मुलगी गुणी आहे, कष्टाळू आहे म्हटलं. मग 'पण...' असं म्हणून नुसता थांबलो. उसासा टाकला. मग ती माणसंच उठून गेली."

"का थांबलात?"

रहमी बेंनी टेबलाकडे बघत सांगितलं, "त्यांच्या मुलावर आमच्या भाचीसाठी माझा डोळा होता."

त्या भाचीच्या लग्नात गुलिझार अब्लानं हौसेनं रात्र रात्र जागून बकलावा केला होता. तिनं सुरी बाजूला ठेवली.

"मी गालिच्याबद्दल रागावले होते," ती शेवटी म्हणाली. "बाल्कनीत गालिचा धुता आणि घाण पाणी माझ्या चादरींवर सोडता."

तिच्या फोनवर अजान झाली. तिनं खजूर आणि पाणी पुढे सरकवलं. "घ्या. उपाशी माणसाला घालवत नाही मी. गालिचा माफ. मीठ आणि हीटर, तेही माफ."

"आणि ते दुसरं?"

"ते माझं नाही. लेक येईलच कामावरून, तिला सांगा."

"मुझेय्येन जेवायची थांबली असेल."

"मी कळवते तिला. बसा."

तिनं सूपची वाटी त्यांच्यापुढे ठेवली, तोच दारात किल्ली फिरली. नेसरीन आत आली, दवाखान्यातली ड्यूटी करून दमलेली, आणि त्यांना पाहून तिचा चेहरा फुलला.

"काका! तुम्ही आमच्याकडे? बरं झालं आलात, आईला जेवायला कुणाची सोबत नसते." ती हात धुता धुता बोलत होती. "तुमचे आभार मानायचे राहूनच गेलेत माझे. त्या एसेनच्या लोकांपुढे तुम्ही माझं केवढं कौतुक केलंत, बायका सांगत होत्या. नशिबात नव्हतं, ते सोडा. पण बाबा गेल्यावर माझ्या बाजूनं बोलणारे तुम्ही एकटेच."

गुलिझार अब्ला पाठमोरी उभी होती. ती वळली नाही. रहमी बेंनी गप्प राहून जेवण उरकलं असतं, तरी पोरीला कधी कळलं नसतं.

त्यांनी चमचा खाली ठेवला.

"पोरी, ते आभार परत घे," ते म्हणाले. "आणि जरा इथं बस."