मधल्या दाराची वाटणी

"आम्हाला भांडायचं नाहीये, तरी वकील लागतो का हो?" थोरलीने खुर्चीत टेकायच्या आधीच विचारून टाकलं.

"न भांडणाऱ्यांनाच जास्त लागतो," वकीलबाई हसल्या. "बसा तर आधी."

थोरलीने धाकट्या जावेकडे पाहिलं. ती नुसती पर्सचा बंद पिळत बसली होती. म्हणजे बोलायचं काम नेहमीप्रमाणे थोरलीच्याच गळ्यात. तिने सांगायला सुरुवात केली. घर एक, भाऊ दोन. सासरे गेले, आणि धाकट्याने त्यांची जुनी मोटारसायकल भावाला न विचारता भंगारात दिली. झालं! तेव्हापासून दोघांची बोलचाल बंद. वर्ष होत आलं. आता घराची वाटणी. पुढच्या खोल्या थोरल्याला, मागच्या खोल्या आणि स्वयंपाकघर धाकट्याला, आणि मधलं दार विटा लावून बुजवायचं.

"तेवढ्यावर मात्र एकमत झालंय मेल्यांचं," थोरली म्हणाली. मग आपण नवऱ्याबद्दल बोलतोय हे ध्यानात येऊन तिने जीभ चावली.

त्याच स्वयंपाकघरात दोघी जावा कचेऱ्यांसाठी जेवणाचे डबे बनवायच्या. परवाना दोघींच्या नावावर होता. दार बुजल्यावर थोरली गल्लीला वळसा घालूनही कामाला गेली असती, पण नवऱ्याने बजावलं होतं, धाकट्याच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. आणि खरं सांगायचं तर डब्यांचं एक वेळ सोडा. लग्न होऊन आली तेव्हा ही धाकटी आमटीत मीठ घालायला विसरायची आणि पिठाच्या डब्याआड रडायची. तिला हाताशी धरून थोरलीने शिकवलं होतं, आणि आता तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय थोरलीला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे. भिंतीपलीकडे ती असणार आणि आपण तिला हाक मारायची नाही, हे कसं जमायचं?

"घर कुणाच्या नावावर?" वकीलबाईंनी विचारलं.

"दोघा भावांच्या."

"मग दार ठेवायचं की नाही, ते तेच ठरवणार. तुमच्या सह्यांचा इथे उपयोग नाही."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. वकीलबाईंनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. "परवाना देताना कुणी तपासायला आलं होतं?"

"आले होते ना एक साहेब," धाकटी पहिल्यांदाच बोलली. "गॅस पाहिला, पाणी पाहिलं. मागचं आणि मधलं, दोन्ही दारं उघडून बघितली. म्हणाले, आग लागली तर बाहेर पडायला दोन वाटा हव्यातच."

"मग दार बुजलं की परवाना गेला. नवऱ्यांना हे माहीत आहे?"

"आम्हाला विचारतंय कोण!" थोरली म्हणाली.

वकीलबाईंनी दोघा भावांना बोलावून घेतलं. आले, आणि खुर्च्या तिरक्या करून एकमेकांकडे पाठ करून बसले. दोघींच्या डब्यांवर दोन्ही घरं चालत होती, त्यामुळे परवान्याचं ऐकून दोघांनीही विटांचा हट्ट सोडला. दार राहणार होतं. वकीलबाई मसुदा वाचू लागल्या, "थोरल्यांच्या हिश्श्यातून धाकट्यांच्या कुटुंबाला ये-जा करण्याचा हक्क कायम राहील."

"आग लागली तरच, असं लिहा," थोरला म्हणाला.

थोरलीचा संयम सुटला. "अहो, मागे भावोजींना दम लागला, तेव्हा त्या दारातून अनवाणी धावलात ना? आग लागली होती का तेव्हा? बोलणं बंद होतं, तरी धावलात. आणि रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसलात, ते कुणाला कळू नये म्हणून सकाळी मला गप्प बसवलंत! फार झालं बाई तुमचं हे!"

धाकट्याने मान वळवून भावाकडे पाहिलं. भाऊ रात्रभर बाहेर बाकावर होता, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"मग 'कायम' राहू दे?" वकीलबाईंनी विचारलं. थोरल्याने मान हलवली. "आता कडी. नियमाप्रमाणे ती स्वयंपाकघराच्या बाजूलाच लागेल. तुम्हाला तुमच्या बाजूने दार अडवता येणार नाही."

"वा रे वा!" थोरला उसळला. "म्हणजे माझं घर कायम उघडं, आणि याने मनात येईल तेव्हा माझ्या तोंडावर कडी घालायची?"

थोरलीला वाटलं, संपलं, आता हे उठून चालते होणार. तिने टेबलाखाली धाकटीचा हात घट्ट धरला.

"माझ्या बाजूलाही कडी नको, दादा," धाकटा म्हणाला. वर्षभरात त्याने पहिल्यांदा ती हाक मारली होती. "कडीच नको. मला परत दम लागला तर तू येणार कुठून?"

थोरल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग वकीलबाईंकडे पाहत म्हणाला, "औषध वेळेवर घेत जा म्हणावं त्याला."

"ते इथेच बसलेत," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्हीच सांगा."

थोरल्याने खुर्ची वळवली.