चुलीला आवतण

धाकट्या लेकीचं, शिवकन्याचं, लग्न मार्गशीर्षात धरलं होतं. दिवाळी सरली, सोयाबीन घरात आलं, तेव्हा संतरामनं जीप धुतली आणि बायकोला म्हणाला, "चाल, आवतणं देऊन येऊ. दोन दिवस लागले तर लागू दे."

डोंगरकड्याहून निघालेली जीप तीसच्या वर कधी गेलीच नाही. संतरामला प्रत्येक शेत बघायचं होतं. कुणाची हळद कमरेला लागली, कुणाचा कापूस वेचायचा राहिला, यावर मत द्यायचं होतं, कुणी विचारलेलं नसलं तरी. मागचे लोक हॉर्न वाजवून थकले. गोजरबाई अक्षतांचा डबा मांडीवर धरून ऊन खात बसली होती. संध्याकाळी हिंगोलीत थोरल्या बहिणीकडे, शिलाक्काकडे, मुक्काम झाला. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून संतरामनं सांगितलं, "आक्का, चुलीला आवतण हाय बरं का."

या भागात आवतण दोन तऱ्हेचं. एखाद्याला नाव घेऊन सांगितलं, तर तो एकटाच जेवायला येतो. चुलीला सांगितलं, की त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही, पाळण्यातल्या लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळं घर येतं. आता घरोघरी गॅस आला, तरी बोलण्यात चूलच राहिली. ज्याला हा फरक कळत नाही त्यानं लग्नं काढूच नयेत, असं संतराम गावभर सांगत फिरायचा. आणि नेमका तोच चुकला होता.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट, थोरल्या मंजुषाच्या लग्नातली. जवळा बाजारचा चाँद पाशा संतरामचा पंचविशीपासूनचा दोस्त, गाद्या भरणारा. मंजुषाच्या गाद्या त्यानंच भरल्या होत्या. लग्नाच्या घाईत संतरामला तो भर बाजारात दिसला आणि हा गाडीवरूनच ओरडला, "पाशा, जेवायला यायचं रे!" बस. त्याच्या घरी गेला नाही, चुलीचं नाव काढलं नाही. पाशा एकटा आला, मुकाट्यानं जेवला, हात धुऊन निघून गेला. बायको मदीनाबी आली नाही, लेकरं आली नाहीत. त्यानंतर कुठं दिसलाच तर दुरून सलाम करायचा आणि रस्ता बदलायचा. संतरामच्या मनाला हे सलत होतं. पण घरी जाऊन चूक कबूल करायची, तर त्याला अकरा वर्षं लागली. माणूस हट्टी, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी औंढ्यात त्यानं जीप थांबवून चहा घेतला. मग अजून एक घेतला.

"तिसराबी घ्या," गोजरबाई म्हणाली, "म्हंजे जवळ्याला जायचं टळलं."

"जाऊन राहिलो न्हाई का?"

"जाऊन न्हाई, बसून राहिले तुमी."

जवळ्याला पोचले तेव्हा पाशा उंबऱ्यात बसला होता. दाढी पार पिकली होती. त्यानं नुसता सलाम केला. मदीनाबीनं मात्र लगबगीनं बाज टाकली, पाणी दिलं. संतरामनं घसा साफ केला. तो तोंड उघडणार, तोच ती सुरू झाली.

"बरं झालं आले भाऊ तुमी. मला तुमच्याम्होरंच बोलायचं हुतं. मंजुषाचं लगीन म्हनून मी त्या दिवशी चूल पेटवली न्हाई. लेकरं नवे कपडे घालून दारात बसलेली. आन हा मानूस बाजारातून परस्पर जाऊन एकटाच जेवून आला! म्हने, आवतण चुलीला हुतं, मीच इसरलो. अकरा वरसं झाली, दर ईदीला मी हे काढते."

संतरामनं पाशाकडं पाहिलं. पाशानं हळूच मान हलवली. बोलू नको.

गप्प बसलं असतं तर सगळं निभावलं असतं. चहा पिऊन, चुलीला सांगून, हसत परत जाता आलं असतं. पण दोस्ताची अब्रू राखायला हा माणूस अकरा वर्षं बायकोची बोलणी खात होता, हे कळलं आणि संतरामला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"भाबी, त्यो इसरला न्हाई. मी चुलीला सांगितलंच न्हवतं. त्याला एकट्याला सांगितलं, तेबी रस्त्यावर."

पाशा उसळला. "काहून बोलला रे? येवढी वरसं सांभाळलं मी!"

"मंग मला पाहून रस्ता काहून बदलत हुता?"

"राग यायचा तुजा! बाहेर राग धरायचा, घरात तुजी बाजू घ्यायची. दोन्ही येका तोंडानं कसं जमावं?"

मदीनाबी नवऱ्याकडे वळली. "येवढी तकलीफ काढली," ती म्हणाली, "पन मला येका शब्दानं सांगितलं न्हाई."

"सांगितलं असतं तर तू याच्या घरचं पानी पेली नसती कदी."

"व्हय. नसतेच पेले."

गोजरबाईनं नवऱ्याला डोळ्यानं खुणावलं. संतराम उठून उभा राहिला. "भाबी, या वक्ताला चुलीला—"

"थांबा." मदीनाबीनं हात वर केला. "चुलीला नगं. लेकी सासरी गेल्या, पोरगं पुन्याला. चुलीम्होरं आता मी एकलीच असते. मलाच सांगा. नाव घेऊन सांगा."

पस्तीस वर्षांत संतरामनं तिला भाबीशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली, हात जोडले.

"मदीनाबी," तो म्हणाला, "शिवकन्याच्या लग्नाला जेवायला यायचं."

"येते," ती म्हणाली. "याला आनायचं का न्हाई, ते मी ठरवीन."