चष्म्यासाठी खोकं

आजोबांचा सारखा हरवणारा चष्मा शोधून देणारं यंत्र बनवायचं भाचीनं ठरवलं आणि थेट कात्री उचलली. मी ती काढून घेतली. बारा वर्षं मी मिक्सरच्या कंपनीत नवीन वस्तू घडवतोय. माझ्या डोळ्यांदेखत असला अडाणीपणा चालणार नाही.

"आधी गिऱ्हाइकाला त्याची खरी अडचण विचारायची," मी सुनावलं. "मग कच्चा नमुना करायचा, तो वापरून बघायचा आणि मगच पक्का माल."

ती वही घेऊन आजोबांकडे, म्हणजे माझ्या बाबांकडे गेली. अर्धा तास कुजबुज चालली. बाहेर येऊन तिनं फक्त बुटांचं रिकामं खोकं मागितलं.

त्याच दिवशी चष्मा पुन्हा गायब झाला. नव्या मिक्सरचं चाळीस पानी माहितीपत्रक मी बाबांना वाचायला आणलं होतं. प्रत्येक मिक्सरचं आणतो, घरातलं मत घेतो. चार दिवस मी घर पालथं घातलं, तिचं खोकंसुद्धा दोनदा उघडून पाहिलं. पाचव्या दिवशी माहितीपत्रक ऑफिसला परत नेलं. संध्याकाळी येतो तर बाबा चष्मा लावून निवांत पेपर वाचतायत.

"कुठे सापडला?"

"खोक्यातच होता, खोट्या तळाखाली," भाची वहीत खूण करत म्हणाली. "गिऱ्हाइकाला तो शोधायचा नव्हताच, मामा. लपवायचा होता."

"मग शोधून देणारं यंत्र?"

"ते रद्द. आता पक्का माल करते. आजीनंही एक खोकं मागितलंय."